खदानीचा खड्डा कोणाचा?

डोंबिवलीजवळच्या संदप गावातील पाण्याने भरलेल्या दगडखाणीत ७ मे २०२२ रोजी एकाच कुटुंबातील पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. घरातील महिला कपडे धुण्यासाठी तेथे गेल्या होत्या आणि मुले त्यांच्यासोबत होती. एकाला वाचविण्याच्या धडपडीत सारेच खोल पाण्यात गेले. त्यानंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने २७ गावांतील पाणीटंचाईची, आणि ती रास्तच होती. २०१५ मध्ये ही गावे कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, तरी तेथील नळांचा प्रश्न सुटला नव्हता. मात्र या दुर्घटनेने उपस्थित केलेला दुसरा प्रश्न मागेच पडला. दगड काढून झाल्यावर तो खड्डा तसाच उघडा का राहिला?

ठाणे जिल्ह्याची भूमी काळ्या पाषाणाची आहे. या पाषाणाच्या खडीवरच मुंबई महानगर प्रदेशातील इमारती, रस्ते आणि रेल्वेमार्ग उभे राहिले. शहर विस्तारले तशा खदानीही वाढल्या, आणि कालांतराने शहर त्यांच्या काठापर्यंत येऊन ठेपले. गावाबाहेर असताना जो खड्डा कोणाच्या खिजगणतीत नव्हता, तोच आता वस्तीलगत आला आहे. त्याचे काठ उभे कापलेले असल्याने उतार नाही. काठापासून दोन पावलांवरच पाणी कित्येक फूट खोल असते. पोहता न येणाऱ्याला तेथे आधार मिळत नाही, आणि वाचवायला उतरलेल्याचीही तीच गत होते.

खाणकाम सुरू करतानाच ते संपल्यावर जमिनीचे काय होणार याचा आराखडा असावा, हे तत्त्व नवे नाही. लोह, बॉक्साइट, मँगनीज यांसारख्या प्रमुख खनिजांसाठी केंद्राने २००३ मध्येच खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यापोटी आर्थिक हमी सक्तीची केली. २०१७ च्या नियमांनी या हमीची रक्कम मोठ्या, यांत्रिक खाणींसाठी वापरातील क्षेत्राच्या प्रत्येक हेक्टरमागे तीन लाख रुपये, तर इतर खाणींसाठी दोन लाख रुपये ठरविली. दगड मात्र गौण खनिजात मोडतो आणि त्याचे नियमन राज्याच्या अखत्यारीत येते. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली आणि राज्यांना त्यानुसार नियम करण्यास सांगितले. महाराष्ट्राचे गौण खनिज नियम २०१३ मध्ये आले. पुढे ८ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी व्यवस्था करण्याचे बंधन खाणपट्टाधारकांवर घालण्याचा आदेश केंद्राला दिला. कागदावर उणीव फारशी नाही. उणीव आहे ती जुन्या, सोडून दिलेल्या खदानींचे उत्तरदायित्व निश्चित करण्यात.

पुनर्भरणाचे तंत्रही समजून घ्यायला हवे. कोळशाच्या किंवा लोहखनिजाच्या खाणीत वरची माती व मुरूम मोठ्या प्रमाणावर निघतो. तो बाजूला साठवून खड्ड्यात परत टाकता येतो. दगडखाणीत जवळजवळ सारेच खडी होऊन बाहेर जाते. भरायला काही उरतच नाही. म्हणूनच येथे खड्डा बुजविण्यापेक्षा त्याला सुरक्षित रूप देणे अधिक व्यवहार्य ठरते. त्यासाठी काठांना टप्प्याटप्प्याने पायऱ्या काढणे, कुंपण घालणे, वरची माती जपून ती पायऱ्यांवर पसरून झाडे लावणे आणि साठलेले पाणी तपासून त्याचा उपयोग करणे, ही कामे करावी लागतात. मात्र ती यंत्रे जागेवर असतानाच स्वस्तात होतात. खाणपट्टा संपून यंत्रे निघून गेली, की तो खर्च सरकारच्या, पर्यायाने करदात्यांच्या माथी येतो.

जगात याची उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियातील मॅक्लॉफलिन ही सोन्याची उघडी खाण १९८५ मध्ये सुरू झाली. काम चालू असतानाच, १९९३ मध्ये तेथील जमिनीवर विद्यापीठाचे संशोधन-अभयारण्य स्थापन झाले आणि २००२ मध्ये खाणीचा कारभार आटोपल्यावरही ते कायम राहिले. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे चिनी मातीच्या जुन्या खाणीत २००१ मध्ये ‘ईडन प्रोजेक्ट’ हे वनस्पती उद्यान खुले झाले. सोन्याच्या खाणीतून मिळणारा नफा खडीच्या धंद्यात नाही, हे खरे. परंतु डोंबिवलीजवळच्या जमिनीचे मोल सोन्याहून कमी नाही, हेही तितकेच खरे.

त्यामुळे दोन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, वापरात नसलेल्या प्रत्येक खदानीची नोंद, तिची खोली आणि तिचा जबाबदार धारक जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावा आणि कुंपणाचे काम पावसाळ्यापूर्वी करून घ्यावे. दुसरी, एखादा खाणपट्टाधारक क्षेत्र किंवा खोली वाढवून मागेल, तेव्हा आधी खणलेला भाग सुरक्षित केल्याखेरीज त्याला परवानगी देऊ नये. विस्ताराची परवानगी हाच प्रशासनाच्या हातातील सर्वांत प्रभावी लगाम आहे. स्वामित्वधन वसूल करताना दाखविली जाणारी तत्परता खड्ड्याचा हिशेब मागतानाही दिसायला हवी. अन्यथा दगडाची किंमत ग्राहक चुकवेल आणि खड्ड्याची किंमत, संदपप्रमाणे, पाण्यासाठी वणवण करणारी कुटुंबे चुकवत राहतील.