अर्धा वेळ आपला
या आठवड्यात जानेफळच्या एका पोरीनं विचारलं, ‘काका, मोबाइलवर परदेशातल्या मुलींशी बोलून भाषा येते का?’ येते ना पोरी! छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या) गाडिवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं रोबोटच्या ओढीनं ऑनलाइन वर्गांतून जपानी शिकली. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तर भारत-पाकिस्तानची मुलं पडद्यावर एकमेकांशी बोलती केली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांचाच. माझी अट एकच : अर्धा वेळ त्या परदेशातल्या मुलींची भाषा, अर्धा वेळ मराठी. नुसतं घेत राहिलं तर ती शिकवणीच झाली. पाठ केलेलं ‘माय नेम इज’ दोन मिनिटांत संपतं. मग सोयाबीनचा भाव का पडला, पोळ्याला बैल कसा सजवतात हे सांगा, आणि त्यांच्याकडं पेरणी कधी होते तेही विचारा.