होडीचे बिनतारी यंत्र : आधी बॅटरी, मग बटण

धरणाच्या जलाशयात होडी वल्हवून जाळी टाकणाऱ्या मच्छीमारास विजेवर चालणारे लहान यंत्र मोठे साहाय्यकारी ठरू शकते. त्यास पेट्रोल लागत नाही, त्याचा आवाज अगदी अल्प असतो आणि पिण्याच्या पाण्यात तेल सांडण्याचे भय राहत नाही. हातातील चिमुकल्या पेटीवरील बटण दाबून होडी वळविता येईल, अशी बिनतारी यंत्रेही आता बाजारात मिळतात. ती पाहून ग्राहकाचे मन मोहून जावे हे स्वाभाविक आहे. तथापि बटणावरून यंत्र निवडणे म्हणजे झुलीवरून बैल पारखण्यासारखे आहे.

प्रथम ‘बिनतारी’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तारेवाचून जाते ती केवळ आज्ञा. वीज मात्र बॅटरीतून जाड तांब्याच्या तारेनेच यंत्रास पोहोचते. बॅटरी संपली की बटण निरुपयोगी होते.

हे यंत्र मुळात कोणत्या कामासाठी घडले, हेही ध्यानात घ्यावयास हवे. १९३४ साली अमेरिकेतील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी मोटारगाडीच्या स्टार्टर मोटारीस पंखा जोडून असे यंत्र तयार केले. त्या देशात बास नावाचा मासा गळाने पकडणारे हौशी लोक त्याचा विशेष वापर करतात. ते दूरचे अंतर पेट्रोलच्या इंजिनाने कापतात आणि माशांच्या जागी पोहोचल्यावर विजेचे यंत्र सुरू करतात. उपग्रहांच्या संकेतांवरून होडी एकाच जागी धरून ठेवण्याची सोयही काही यंत्रांत असते. गळ टाकणाऱ्यास ती मोलाची आहे; जाळे टाकणाऱ्यास तिचा उपयोग थोडा. ज्याच्या होडीस दुसरे इंजिन नाही, त्याचे जाणे-येणे याच यंत्रावर अवलंबून राहते. म्हणून त्याची कसोटीही निराळी असली पाहिजे.

पहिली कसोटी रेट्याची. भरलेल्या होडीच्या दर १०० किलो वजनामागे निदान २ किलो रेटा हवा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. होडी, दोन माणसे, ओली जाळी, मासे आणि बॅटरी मिळून ४५० किलो वजन झाले, तर ९ किलो, म्हणजे सुमारे २० पौंड रेटा लागेल. वारा व लाटा लक्षात घेता याच्या दुप्पट, म्हणजे ४० पौंडांचे यंत्र घेणे हितावह होय.

दुसरी व खरी कसोटी बॅटरीची. एवढे यंत्र पूर्ण वेगात सुमारे ४० अँपिअर वीज ओढते. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी कागदावर अडीच तास चालेल. परंतु ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. तेव्हा हाती राहतो सव्वा तास. ताशी ५ किलोमीटर वेग धरला, तर जाऊन-येऊन अंतर जेमतेम ६ किलोमीटर भरते आणि समोरून वारा असल्यास तेही नाही. वेग निम्मा ठेवल्यास विजेची गरज निम्म्याहून पुष्कळच कमी होते, हे चालविणाऱ्याने विसरू नये. मोटारगाडीची साधी बॅटरी या कामास टिकत नाही. दीर्घकाळ वीज पुरविणारी ‘डीप सायकल’ बॅटरीच घ्यावी. लिथियमची बॅटरी वजनाने हलकी असून तिची बरीचशी वीज वापरता येते, पण किंमत अधिक पडते. बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज बसविणे अगत्याचे आहे.

तिसरी कसोटी दांड्याच्या लांबीची. पंख्यावर सुमारे एक फूट पाणी राहील इतका दांडा लांब हवा. नाहीतर लाटेत पंखा उघडा पडून नुसताच फिरतो. उजनीसारख्या जलाशयात, जेथे जलपर्णी माजते, तेथे ती पंख्यात गुंतते. जाळ्याजवळ यंत्र बंद करूनच काम करावे.

इतके सर्व पाहून पैसे उरले, तर बिनतारी सोय अवश्य घ्यावी. एक हात जाळ्यावर ठेवून दुसऱ्याने होडी वळविता येणे ही काही लहान सोय नव्हे. मात्र काही यंत्रांना हाताने वळविण्याची मूठच नसते. नियंत्रणाची पेटी पाण्यात पडली की अशी होडी अडकलीच. म्हणून मूठ असलेले यंत्र पसंत करावे आणि पेटी दोरीने गळ्यात बांधावी.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी याबाबत मच्छीमार सहकारी संस्थेस पुढाकार घेण्यास सांगावे. संस्थेने प्रथम एकच यंत्र घेऊन, भरल्या होडीत आणि वाऱ्याच्या वेळी, त्याची परीक्षा करावी. प्रत्येकाने स्वतंत्र कर्ज काढण्यापूर्वी हे होणे इष्ट आहे. यंत्र कितीही उत्तम असले तरी दोन वल्ही आणि माणसागणिक जीवरक्षक जाकीट होडीत असलेच पाहिजे. भर जलाशयात बॅटरी संपली तर किनारा वल्ह्यांनीच गाठावा लागतो.