मुलांची आगगाडी: कच्च्या जागा पक्क्या करा



ज्वारी निघाली की ईटच्या शिवारात पोरांचे कारखाने सुरू होतात. चिपाडाची बैलगाडी तर असतेच, शिवाय पुठ्ठ्याचे नि पत्र्याचे आगगाडीचे डबे. दोन दिवस गाडी पळते, तिसऱ्या दिवशी आकडा तुटतो आणि डबा उकिरड्यावर जातो. पोर हिरमुसते. डबा नेमका कुठे मोडला हे पाहिले, तर तो टाकण्याची वेळ येत नाही.

आपल्या बैलगाडीचेच पाहा. जिथे ओढ बसते किंवा दोन भाग मिळतात, ती जागा आधी जाते. डब्यातही तसेच: जोडणीचा आकडा, चाकांचा आख, चढायची पायरी आणि दाराजवळचा कोपरा.

आकडा मुले पुठ्ठ्याला नुसता चिकटवतात. ओढ बसली की पुठ्ठ्याचा पापुद्राच सुटून येतो. त्यात डिंकाचा दोष नाही. दाभणाने भोक पाडून तार आरपार न्या, आतून पत्र्याची चकती घाला आणि तार वळवा. त्याहून चांगले म्हणजे एकच तार डब्याच्या पोटाखालून पुढच्या आकड्यापासून मागच्या आकड्यापर्यंत न्यावी. मग मागच्या डब्यांची ओढ पुठ्ठ्यावर येतच नाही.

आखाला सायकलचा जुना स्पोक चालतो, पण भोकावर पत्र्याची पट्टी लावा, नाहीतर भोक मोठे होऊन चाक लंगडते. पायरी तारेची करावी, नालासारखी वाकवून टोके तळात खुपसावीत. कोपऱ्यांना आतून सुती चिंधी खळीत भिजवून लावा. खळीला कीड लागू नये म्हणून काहीजण मोरचूद घालतात. खेळण्यात तो नको, विषारी आहे.

आता पत्र्याविषयी. सपाट पत्रा लवतो. तीच कड काटकोनात दुमडली की ताठ राहतो. ही युक्ती आपल्याच भागातल्या रेल्वेने वापरली होती. बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1911 साली लातूरला पोचली. रूळ अडीच फुटी आणि हलके. म्हणून एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने एका आखावर 5 टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असा हिशेब धरला आणि डब्यांच्या चौकटी दाबून कडा वळवलेल्या पोलादी पत्र्याच्या घेतल्या. वजन कमी, बळ तेवढेच. भूमकडची माणसे बार्शीला जाऊन ही गाडी धरत. 2008 पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर रूळ रुंद झाले. आजच्या मुलांनी ती छोटी गाडी पाहिलेलीच नाही; आजोबांना विचारून डबे तिच्यासारखे करायला लावा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पत्रा तेलाच्या किंवा बिस्किटांच्या डब्याचा घ्या. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी मुलांच्या हाती देऊ नका. त्याला भोके पाडून, चेपून निकामी करा. पत्रा मोठ्या माणसानेच कापावा आणि धार आत दुमडावी.

खळ रात्रभर वाळू द्या. सकाळी डब्यात मूठभर ज्वारी भरून ओढून पाहा. आकडा टिकला, तरच पुढचा डबा जोडा.