लाँचचा मुहूर्त

पैनगंगेच्या काठी ज्यांची हयात गेली, त्यांना पाण्याचा एकच स्वभाव ठाऊक असतो. पावसाळ्यात नदी फुगते, उन्हाळ्यात आटते. परंतु तिचे पाणी वाहते ते सदैव एकाच दिशेने. समुद्राचे तसे नाही. तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा ओसरतो, आणि त्याच्या या येरझाऱ्या कोणत्याही आगगाडीच्या वेळापत्रकाला जुमानत नाहीत. आदिलाबादकडील आपली मराठी कुटुंबे मुंबईस जातात ती लग्नकार्य, औषधोपचार, मुलांच्या नोकऱ्या अशा निमित्तांनी. कामे उरकल्यावर एखादा दिवस हाती उरतो आणि घरातील वडीलमंडळी म्हणतात, "एकदा समुद्रातून जाऊन येऊ." त्या एका दिवसाची आखणी कशी करावी, हाच या महिन्याचा आमचा विषय आहे.

लाँचचा प्रवास म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घारापुरी येते. लेणी अपूर्व आहेत यात शंका नाही. पण तेथील पायऱ्यांची चढण वयस्कांचे गुडघे जाणतात. म्हणून सोबत आजी-आजोबा असतील त्यांना आम्ही भाऊचा धक्का ते मोरा, म्हणजेच मुंबई ते उरण, हा मार्ग सुचवू. उरण हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. खाड्या आणि दलदल यांनी मुख्य भूमीपासून तुटलेले ते एके काळचे करंजा बेट. आता तेथे रस्ते आहेत, आणि १२ जानेवारी २०२४ पासून उपनगरी रेल्वेही उरणपर्यंत पोहोचली आहे. त्यामुळे लाँच ही काही आता तेथील एकमेव वाट राहिलेली नाही. तथापि पिढ्यान्‌पिढ्या उरणकर ज्या वाटेने राजधानीस गेले ती हीच, आणि मुंबई ही मुळात बेटांची नगरी आहे हे पाण्यावरून पाहिल्यावाचून खरे पटत नाही.

नंदिग्राम एक्स्प्रेसने आपण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो. तेथून हार्बर मार्गावर मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड यांच्यानंतरचे स्थानक डॉकयार्ड रोड. भाऊचा धक्का तेथून जवळ आहे. मोऱ्याला पोहोचण्यास लाँच पाऊण ते एक तास घेते, आणि मोरा बंदरातून उरण गावात जाण्यास रिक्षा मिळतात. इथवर सारे सोपे आहे. अडचण आहे ती मोरा बंदरातील गाळाची. मोठ्या ओहोटीला धक्क्यापाशी पुरेसे पाणी राहत नाही आणि लाँचसेवा काही तास थांबवावी लागते. हे ठाऊक नसलेला पाहुणा दुपारी निवांत जेवून बंदरावर येतो, आणि समोर पाण्याऐवजी चिखल पाहून हतबुद्ध होतो. रात्रीची परतीची गाडी आरक्षित असेल तर ही गंमत महागात पडते.

यावर कोकणातील जुन्या लोकांचा तोडगा आपल्या घरातील खुंटीवरच टांगलेला आहे. तो म्हणजे पंचांग. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो आकडा पूर्ण भरतीचा सुमार. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब प्रतिपदेपासूनच धरावा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, बाराच्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमेला व अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी येणार ती सायंकाळी सव्वापाच-साडेपाचला, नेमकी परतीच्या वेळी. या हिशेबात तासाभराचा फरक पडू शकतो, परंतु घरी बसून दिवस ठरविण्यास तो पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि समुद्राला उधाण येते. त्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांच्या घरात जाते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते. त्याला भांग म्हणतात. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. यावरून आमचे गणित असे : सहलीसाठी सप्तमी ते दशमी यांतील दिवस निवडावा. सकाळी आठ-नऊला निघावे. दुपारची ओहोटी उरणात जेवणखाण आणि विश्रांती यांत जाऊ द्यावी. चार-पाचच्या सुमारास पाणी चढत असताना परतावे. वृद्धांना याचा दुहेरी लाभ होतो; पाणी खूप उतरले की लाँच आणि धक्का यांच्या पातळीत मोठा फरक पडतो आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून चढउतार करावी लागते. निघण्यापूर्वी मात्र तिकिटाच्या खिडकीवर परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ विचारावीच. पंचांग आपल्या आखणीसाठी आहे. अखेरचा शब्द बंदराचा.

उरणात पीरवाडीचा किनारा आहे, द्रोणागिरीचा डोंगर आहे. तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला; तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली जंगल-जमिनीच्या हक्कासाठी धारातीर्थी पडलेल्या कुमरम भीम यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला ते परके वाटणार नाही.

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरूनच रेवसकडे निघालेली 'रामदास' ही आगबोट वादळी लाटांत काश्याच्या खडकापाशी उलटली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. ती जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी, पावसाळा नसताना, घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. म्हणून जीवरक्षक जाकीट दिल्यावर ते बाकाखाली ठेवू नये. अंगावर चढवून बंद बांधावेत, आणि मुलांना त्यांच्या मापाचे मिळाले आहे की नाही हे पाहावे. न दिल्यास मागून घ्यावे. त्यात संकोच कसला? लाँच खच्चून भरली असेल तर पुढची धरावी. समुद्र पाहण्याच्या उत्साहात साऱ्यांनी एकाच बाजूला गर्दी करू नये. मोऱ्याची लाँच पावसाळ्यातही चालते. परंतु बंदरावर धोक्याचा बावटा लागला की ती बंद होते, आणि आम्ही तर म्हणू की नवख्यांनी पावसाळा टाळावाच.

परतीची वेळ चुकली किंवा हवा बिघडली तर हट्ट करू नये. उरण स्थानकावरून लोकल पकडावी आणि मार्गात गाडी बदलून मुंबईस यावे. पाण्याने गेलो म्हणून पाण्यानेच परतले पाहिजे असा काही नेम नाही. आखणी करतानाच परतीची ही दुसरी वाट आणि तिला लागणारा वेळ कागदावर लिहून ठेवावा. रात्रीची गाडी असेल त्या दिवशी मात्र ही सहल ठेवूच नये. एक दिवस आधी ठेवावी.