'जिवंत जीवाश्म' या शब्दाबद्दल एक तक्रार

चांदीपूरला आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र जागेवर नव्हता. ओडिशाच्या बालेश्वर जिल्ह्यातला हा किनारा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. ओहोटीला पाणी चार-पाच किलोमीटर मागे सरते आणि उरतो तो ओला, चकाकणारा गाळ. त्या गाळात एक प्राणी उताणा पडला होता. तपकिरी ढाल, ढालीखाली चाललेली पायांची धडपड, मागे दाभणासारखी टोकदार शेपटी. ती गाळात रोवून तो सुलटा होऊ पाहत होता. आमच्याच मंडळींपैकी एका प्राध्यापकांनी त्याला शेपटीला धरून उचलले, छायाचित्र काढवून घेतले, 'हा जिवंत जीवाश्म' अशी माहिती दिली आणि होता तसा उताणाच खाली ठेवला. आम्हीही तो शब्द कौतुकाने टिपून घेतला. मागून आलेल्या एका कोळिणीने चालता चालता पायाने त्याला सुलटे केले.

त्यानंतर त्या शब्दाविषयी आमच्या मनात जो संशय शिरला आहे तो जात नाही.

या प्राण्याची नावेच मुळी चुकीची आहेत. इंग्रजांना त्यात घोड्याचा नाल दिसला, जपान्यांना योद्ध्याचे शिरस्त्राण दिसले, बंगाल्यांनी त्याला राजपद देऊन 'राजकांकडा' केले. आणि तिघांनीही त्याला खेकडा ठरवले. तो खेकडा नाही. त्याचे जवळचे नाते कोळी आणि विंचू यांच्याशी आहे. पण ही नावे निदान पाहून ठेवलेली आहेत, म्हणून त्यांच्या चुकीवर राग येत नाही. 'जिवंत जीवाश्म' ही प्रतिमा मात्र न पाहण्यासाठी वापरली जाते, असे आमचे मत आहे.

ती डार्विनची. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये, म्हणजे १८५९ साली, प्लॅटिपस आणि लेपिडोसायरन हा फुप्फुसांनी श्वास घेणारा मासा यांच्यासंबंधी लिहिताना त्याने ती काहीशा संकोचाने योजली. संकोच पुढे गळून पडला, प्रतिमा राहिली, आणि पाठ्यपुस्तकांतून ती वस्तुस्थिती म्हणून शिकवली जाऊ लागली. प्रतिमांचे हे नेहमीचेच प्राक्तन. साहित्याच्या शिक्षकाला त्याचे नवल वाटू नये.

वस्तुस्थिती अशी की या कुळाचा फार जुना ज्ञात अवशेष कॅनडातील मॅनिटोबा येथे सापडला. तो सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. परंतु तो प्राणी आणि चांदीपूरचा प्राणी एकच नव्हेत. मधल्या काळात या कुळातल्या काही शाखा गोड्या पाण्यात शिरल्या आणि नष्ट झाल्या. ऑस्ट्रेलियातील ऑस्ट्रोलिम्युलसच्या ढालीला तर दोन्ही बाजूंना पंखांसारखे लांब काटे फुटले होते. आज उरल्या आहेत चार जाती: एक अमेरिकेची, तीन आशियाच्या. ढालीचा घाट टिकला, एवढ्यावरून आत काही घडलेच नाही असे आपण मानून चालतो.

आणि हा प्राणी आपल्या काळाबाहेर तर मुळीच नाही. त्याचे रक्त हवेत निळे होते, कारण त्यात लोहाऐवजी तांबे असते. जिवाणूंच्या विषाचा अंशही लागला की ते गोठते. या गुणावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली मान्यता दिली, आणि तेव्हापासून इंजेक्शने व लशी निर्धोक आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी अमेरिकी जातीचे हजारो प्राणी दरवर्षी पकडून, त्यांचे रक्त काढून, पुन्हा समुद्रात सोडले जातात. त्यांतले काही मरतात. प्रयोगशाळेत तयार होणारा पर्याय सिंगापूरच्या संशोधकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस शोधला होता. अमेरिकेच्या औषधसंहितेत त्याला स्थान मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. आम्ही स्वतः दंडावर घेतलेल्या लशींचा हिशेब मांडला, तर त्या 'जीवाश्मा'चे आम्ही कितीतरी वेळा ऋणी आहोत.

हीच खोड आपण साहित्यातही लावून घेतली आहे. एडवर्ड टायलरने १८७१ साली लोकांच्या चालीरीतींना 'अवशेष' म्हटले, आणि तेव्हापासून जात्यावरच्या ओवीकडे पाहताना अभ्यासकाचा हात आपोआप 'प्राचीन' या शब्दाकडे जातो. ओवी गाणारी बाई त्या घाटात एसटी, तालुक्याचा दवाखाना आणि मुलाची नोकरी बसवत होती. आपण मात्र तिच्यात तेराव्या शतकाचा ठसा शोधत बसलो. अशा किती ओव्या अभ्यासकांनी अलीकडच्या म्हणून बाजूला सारल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

असो. भरतीच्या वेळी याच किनाऱ्यावर या प्राण्यांच्या जोड्या येतात. मादी आकाराने मोठी, नर तिच्या पाठीला धरून. वाळू उकरून अंडी घातली की पाण्याबरोबर परत. आपल्याकडे हा प्राणी कोकणच्या किनाऱ्यावर नव्हे तर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकाठी दिसतो, म्हणून मराठीत त्याला रुळलेले नाव नाही. बंगालीतून 'राजकांकडा' उसना घ्यावा असे आम्ही सुचवतो. नाव चुकीचेच आहे, पण ते किनाऱ्यावरच्या माणसांनी दिलेले आहे.