गाडी मिसिंग मारतेय? पार्टचं बिल नंतर, आधी कारण दाखवा

पावसाळा लागला की आपल्या कर्जत-खालापूरकडे एक वाक्य रोज कानावर पडतं. "गाडी मिसिंग मारतेय." आणि दोन दिवसांनी त्याच माणसाच्या तोंडून दुसरं. "पंप गेलाय म्हणतात, बारा हजार सांगितलेत."

या दोन वाक्यांच्या मध्ये जी गोष्ट व्हायला पाहिजे ती होतच नाही. ती म्हणजे तपासणी. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या दारात पेट्रोल किंवा सीएनजीची गाडी आहे त्यांनी वाचाच. डिझेलवाल्यांच्या गाडीत ठिणगीच नसते, त्यांचं दुखणं वेगळं, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

पेट्रोल इंजिनात कॉइल असते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे ती वीस-तीस हजार व्होल्ट करते आणि तो करंट प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडतो. एवढ्या दाबाचा करंट सोपी वाट मिळाली की तिकडूनच पळणार. ओल ही ती सोपी वाट. त्यात आपल्याकडची ओल म्हणजे नुसतं पाणी नव्हे. खडीच्या डंपरची धूळ, लाल चिखल, इंजिनवर बसलेला तेलकट थर, आणि त्यात पाणी. उन्हाळ्यात तापून कॉइलच्या रबरी टोपीला बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यातून ओल आत शिरते. करंट बाजूनेच बॉडीला उतरतो. तीन सिलिंडर ओढतात आणि चौथा फुकटचा फिरतो. स्टिअरिंग थरथरतं, पिकअप नाही, सायलेन्सरमधून फट-फट. झालं मिसिंग.

याची खूण इतकी साधी आहे की घरातल्या कोणालाही कळेल. रात्रभर पाऊस झाला की सकाळी सुरू होतं, पाण्यातून गाडी काढली की सुरू होतं, वॉशिंगला प्रेशरने इंजिन धुऊन आणलं की हमखास सुरू होतं. आणि इंजिन तापलं की अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू गायब. आता तुम्हीच सांगा, पेट्रोलचा पंप टाकीत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याला बाहेर पाऊस आहे की ऊन हे कसं कळणार? गेलेला पंप दुपारी ऊन पडलं म्हणून बरा होत नाही. पण "सकाळी होतं आणि दुपारी जातं" हे सांगायला गिऱ्हाईक तोंड उघडतं तोवर काउंटरवरच्या पोराने एस्टिमेट टाइप केलेलं असतं.

आमच्या बाजूचा एक इकोवाला आहे, कर्जत-कशेळे फेऱ्या मारतो. मागच्या पावसाळ्यात त्याची गाडी सीएनजीवर झटके मारायची, पेट्रोलवर टाकली की बऱ्यापैकी चालायची. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये (नाव घेत नाही) त्याला सांगितलं की किट खराब, रेग्युलेटर आणि इंजेक्टर बदला, अठरा हजार. वर दोन दिवस गाडी उभी, म्हणजे दोन दिवसांचा धंदा गेला, हप्ता मात्र थांबत नाही. मीच त्याला म्हटलं, पैसे भरायच्या आधी दुसरीकडे दाखव. खोपोलीकडे रस्त्याकडेला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दहा मिनिटांत कॉइल वर काढली. टोपीच्या आत ओल, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ. करंट तिथून उतरत होता. प्लग आणि टोपी बदलली, सगळं मिळून हजाराच्या आत.

मग पेट्रोलवर का चालत होती? सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त जोर लागतो. इग्निशन जरा कमजोर झालं की पहिली तक्रार सीएनजीवरच येते. किट बिचारं निर्दोष. ही काही गुपित विद्या नाही, सीएनजीचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच हवं. चढावरही तेच. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला उडी मारणं कठीण होतं. सपाटीला ठीक वाटणारी गाडी बोरघाटात किंवा नेरळ-माथेरानच्या चढावर अचानक मान टाकते. मागे ट्रक, आत सवारी, धुकं. अशा वेळी "चालवून बघा, नाही थांबलं तर आणा" हा सल्ला देणाऱ्याला त्या गाडीत मागच्या सीटवर बसवलं पाहिजे.

आता तपासणी कशी करतात ते सांगतो, म्हणजे तुमच्यासमोर कोणी करत नसेल तर तुम्हाला कळेल.

स्कॅनर लावला की मिसिंगचा कोड येतो. पी०३०० म्हणजे कुठला एक सिलिंडर नक्की नाही, पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. बरेच जण इथेच थांबतात आणि कोड दाखवून पार्ट विकतात. अहो, कोड म्हणजे फक्त पत्ता, गुन्हेगार नव्हे! दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड तिसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लगची अदलाबदल. तरीही हलला नाही तर मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. हे करायला एक रुपयाचा पार्ट लागत नाही, पाना आणि पंधरा मिनिटं लागतात.

जुन्या गाडीत, जिथे डिस्ट्रिब्युटर आणि लांब वायरी आहेत, तिथे त्याहून सोपं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारतो तो फवारा वायरींवर हलकासा मारायचा. जिथे गळती आहे तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात आणि इंजिन अडखळतं. हात लावायचा नाही, जोराचा झटका बसतो. कॅपच्या आत ओल असेल तर पुसून, वाळवून, चीर बघायची. चीर असेल तर बदलायची, वाळवून उपयोग नाही, पुढच्या पावसात पुन्हा तेच.

एक आपल्याकडची खास भानगड. भातशेतीत पाणी भरलं की उंदीर बाहेर पडतात आणि शेजारी उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटखाली मुक्काम करतात. कुरतडलेली वायर उन्हात चालते, ओल धरली की मरते. शनिवार-रविवारी फार्महाऊसला येणाऱ्या पाहुण्यांच्या आठवडाभर उभ्या गाड्यांत हे हमखास. पण वायर शोधायला वाकावं लागतं, एस्टिमेट खुर्चीत बसून होतं.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर सावकाश गॅरेज गाठा. पण तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, कन्व्हर्टर लाल होतो आणि आतून वितळतो. मग हजाराचं काम खरोखर मोठ्या बिलाचं होतं. आणि खोल पाण्यात गाडी बंद पडली तर हे वरचं सगळं विसरा. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं, पुन्हा सेल्फ मारलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकला, ओढा, पण सेल्फ नको. याच उल्हास नदीने २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस अडवून ठेवली होती, तुमच्या आमच्या हॅचबॅकची काय कथा.

या वर्षी आणखी एक पळवाट निघालीय, ई-२० पेट्रोल. जे काही होईल ते इथेनॉलमुळे. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, आणि ग्राहकाला पर्याय न देता ते सगळीकडे आणलं याचा मलाही राग आहे. पण टाकीत पाणी उतरलं तर ते दुपारी उन्हाने सुकून जात नाही, आणि एकाच सिलिंडरला धरून बसत नाही. सरकारला शिव्या द्यायच्या तर जरूर द्या, त्या नावाखाली टाकी साफ करायचे तीन हजार मात्र देऊ नका.

आता मूळ रोग. मिस्त्री सगळेच चोर नाहीत. तपासणीचे तीनशे रुपये मागितले तर आपण त्याच्याशी भांडतो, "बघायचे कसले पैसे?" आणि पार्टचे सहा हजार निमूट मोजतो. मग तो पार्टच विकणार. दुसरीकडे रस्त्यावरच्या हुशार मिस्त्रीला कंपन्यांनी वर्षानुवर्षं माहिती, सॉफ्टवेअर आणि सुटे भाग दिले नाहीत. हे मी म्हणत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला याच कारणावरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. प्रकरण अपिलांत गेलं. त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल चांगलंच आहे, पण कशेळ्याच्या इकोवाल्याला त्याची बातमी कोण देणार? आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. आपल्या तालुक्यांतली पोरं तिथून बाहेर पडतात आणि वर्कशॉपमध्ये त्यांना शिकवलं जातं काय, तर पार्ट बदलणं.

आणि रस्ते. काँक्रीट करताना रस्ता वर घेतला, गटार मात्र मागे राहिलं, पाणी दुकानांच्या दाराशी आणि गाड्यांच्या पोटाशी. ठेकेदाराचं बिल कोरडं निघालं, भिजलेल्या कॉइलचं आपण भरतोय.

म्हणून मागणी साधी आहे. एस्टिमेटवर तीन ओळी लिहून मागा. कोड कोणता आला, कुठली चाचणी केली, आणि कोणता पार्ट अदलाबदल करून खराब ठरला. काढलेला जुना पार्ट परत मागा, तो तुमच्या मालकीचा आहे. लिहून द्यायला नकार दिला तर गाडी उचला. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आयोग अलिबागला आहे म्हणून लोक खचतात, पण तक्रार आता ऑनलाइन दाखल होते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. तपासणीचे पैसे मात्र हसत द्या, पावती घेऊन द्या.

माझ्याकडे साधा स्कॅनर आहे. ज्यांना अशी मोठी एस्टिमेटं मिळालीत त्यांनी नावं झाकून फोटो इथे टाका. आणि गाडी सकाळी मिसिंग मारते की दिवसभर, एवढं त्यासोबत लिहा.