दगडाची किंमत



'प्रिन्सेस अकॅडमी' हे नाव प्रथम वाचले, तेव्हा मी ते पुस्तक बाजूला ठेवले. राजकन्या होण्याची शाळा! म्हणजे नटावे कसे आणि लाजावे कसे, एवढेच त्यात असणार, असे मला वाटले. माझा अंदाज चुकला. शॅनन हेल या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली आणि २००६ साली तिला बालसाहित्यातील न्यूबेरी सन्मान मिळाला.

गोष्ट काल्पनिक देशातली आहे. डोंगरावर एक गाव आहे. गावकरी खाणीतून लिंडर नावाचा मौल्यवान दगड काढतात. व्यापारी येतात, दगड नेतात आणि त्याच्या बदल्यात थोडे धान्य देतात. चौदा वर्षांची मिरी शेळ्या राखते. वडील तिला खाणीत पाऊल ठेवू देत नाहीत. म्हणून आपण घराला निरुपयोगी आहोत, असे ती मानते. वडिलांच्या मनात काय आहे, ते तिला फार उशिरा कळते.

एके दिवशी राजाचा हुकूम येतो. राजपुत्राची वधू याच गावातून निवडायची आहे! त्यासाठी गावातल्या मुलींना घरापासून दूर एका शाळेत ठेवले जाते. तेथे मिरी प्रथमच वाचायला शिकते. व्यापाराच्या पुस्तकात तिला एक गोष्ट सापडते. ज्या दगडासाठी गावाला मूठभर धान्य मिळते, तो खाली मैदानात भरपूर पैसे देऊन विकला जातो. ती हे गावाला सांगते. मग गाव व्यापाऱ्यांशी घासाघीस करते आणि चांगला भाव मिळवते. सगळ्या पुस्तकात मला हाच भाग सर्वांत जास्त आवडला. राजपुत्र त्यानंतर!

सगळेच मला पटले, असे नाही. त्या शाळेत शिक्षा म्हणून मुलीला अंधाऱ्या कपाटात कोंडतात. शिक्षक म्हणून मला ते वाचवले नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचते. राजवाड्याला वधू नको असती, तर या मुलींना कोणी अक्षर तरी शिकवले असते का? आपल्याकडेही लोक म्हणतात, "मुलगी दहावी झाली की चांगले स्थळ येईल." हे ऐकून मला पूर्वी राग येत असे. आता मी वाद घालत नाही. कोणत्याही कारणाने का होईना, मुलीला शाळेत पाठवा. शाळेतून काय न्यायचे, ते तिचे ती ठरवील. मिरीने भाव नेला.

ही गोष्ट मी नववीच्या वर्गात सांगितली. सर्वांनी एकच प्रश्न विचारला, "सर, शहजादा कोणाला निवडतो?" मी सांगितले नाही, तुम्हालाही सांगणार नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प होती. तिची अम्मी घरी बसून ओढण्यांना टिकल्या लावते. मजुरी डझनावर मिळते. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने मला वही दाखवली. बाजारातल्या तीन दुकानांत तशी ओढणी कितीला मिळते, ते तिने विचारून लिहून आणले होते. खाली अम्मीची मजुरी लिहिली होती, आणि तिने भागाकार अर्धवट सोडला होता. तो आम्ही दोघांनी मिळून पुरा केला.